पॅनेल किती जोडू, विचारता, कर्जाचं काय?

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सात एकर आहे. सोयाबीनचे 1 लाख 80 हजार बचत खात्यात आहेत, आठ क्विंटल तूर घरात आहे. लाइट रोज तीन-चार तास जाते आणि मुलगा बारावीला आहे. दुकानदार एक युनिट साठवणारं पोर्टेबल पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा) आणि 200 वॉटची तीन पॅनेल 1 लाख 32 हजारांत देतोय. 5 हजार बुकिंग दिलंय. शेतावर 335 वॉटचं एक जुनं पॅनेल पडून आहे, तेही लावायचंय. सिरीजमध्ये जोडू की पॅरललमध्ये? पैसे किती वर्षांत वसूल होतील? पीककर्ज 2 लाख 10 हजार आहे, मुदत मार्चअखेर. पण माफीचं चाललंय म्हणून यंदा भरणार नाही."

दादा, आधी जोडणीचं. तुम्ही स्टिकरचे फोटो पाठवलेत ते बरं झालं. मशीनवर लिहिलंय: 12 ते 60 व्होल्ट, 11 अँपिअर. नव्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता पॅनेल देतं ते, 24 आहे. सिरीजमध्ये व्होल्ट वाढत जातात, म्हणून दोन पॅनेलचे 48 झाले, चाललं. तिसरं जोडलं की 72, म्हणजे मशीन जळू शकतं आणि वॉरंटीवाला हात वर करणार. थंडीत व्होल्ट आणखी चढतात. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा सहा-सातवर येतो, तेव्हा 48 चे 51 होतील, म्हणून काठावरची जोडणी करायचीच नाही. पॅरललमध्ये अँपिअर वाढतात, पण मशीन 11 च्या वर घेतच नाही. दोन पॅनेल अशी लावलीत तर चारशे वॉटमधले दोनशे-सव्वादोनशेच आत जातील, बाकीचं ऊन फुकट.

जुन्या पॅनेलचे 46 व्होल्ट आहेत. ते नव्यांबरोबर सिरीजमध्ये बसत नाही आणि पॅरललमध्ये व्होल्ट जुळत नाहीत. पण एकटं मस्त बसतं! जुनं आहे म्हणून भर दुपारी 230-250 वॉट धरा. पाच तासांच्या उन्हात एक युनिटची बॅटरी भरली. म्हणजे मशीन घेतलंच तरी नवं पॅनेल एकही लागत नाही. कोटेशनच्या तळाशी दुकानदाराने बॉलपेनने लिहिलंय, "3 पॅनेल = 3 पट चार्जिंग". डबा एकच युनिटचा आहे हो, तिप्पट ओतून तो तिप्पट भरत नाही.

आता वसुली. रोज एक युनिट, दहा रुपये धरू, हातचं राखून नाही. वर्षाला 3,600. 1 लाख 32 हजार वसूल व्हायला 36 वर्षांहून जास्त. मशीन दहा वर्षं चाललं तरी खूप झालं. त्याच कोटेशनवर "सबसिडी खात्यात येईल" असंही आहे. येणार नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 आणि 3 किंवा जास्तला 78 हजार मिळतात, पण ते छतावर बसवलेल्या, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेल्या संचाला, नोंदणीकृत विक्रेत्याकडून आणि पोर्टलवर अर्ज करून. पिशवीत घालून नेता येणाऱ्या डब्याला नाही. आणि तुमची अडचण लाइट जाण्याची आहे. ग्रिडला जोडलेला साधा संच लाइट गेली की स्वतःच बंद पडतो, तेव्हा तोही तुमच्या कामाचा नाही. मुलाला एक पंखा, एक ट्यूब आणि राउटर हवाय, सगळं मिळून शंभर वॉट. इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी 22-25 हजारांत येते आणि या डब्यापेक्षा जास्त वेळ चालते. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी घालावं लागतं, एवढंच.

तुमचं खरं नुकसान पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही.

पीककर्ज वेळेवर भरलं तर केंद्राची 3 टक्क्यांची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून 3 लाखांपर्यंत व्याज जवळजवळ शून्यावर येतं. एवढा स्वस्त पैसा शहरातल्या पगारदारालाही कोणी देत नाही. मुदत चुकली की सरलेल्या वर्षाचे 7 टक्के अंगावर, म्हणजे 15 हजार. पुढे बँकेचा नेहमीचा दर, 10-11 टक्के धरा, वर्षाला 22 हजार. सिबिल खराब. आणि जूनमध्ये नवं कर्ज नाही, मग बी-खताला सावकार. महिन्याला शेकडा तीनने एक लाख सहा महिने वापरलेत तर 18 हजार. पुढच्या मार्चपर्यंत 55 हजार गेले.

माफी आली तर? येऊही शकते, आणि तुम्ही तिच्यात बसलात तर मी खोटा पडेन. पण मागच्या दोन्ही वेळा काय झालं ते आठवा. 2017 ला मर्यादा दीड लाखाची होती आणि वरची रक्कम आधी स्वतः भरायची होती. 2019 च्या महात्मा फुले योजनेत मुद्दल-व्याज मिळून 2 लाखांच्या आतलेच बसले. तुमचे 2 लाख 10 हजार आणि वर व्याज! तेव्हाच्या नियमाने तुम्ही दारातच अडला असतात. नियमित भरणाऱ्यांना मात्र त्या योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, उशिरा का होईना.

तरी जुगार खेळायचाच असेल, तर माफीची वाट पाहणाऱ्याने पैसा हाताशी ठेवून पाहायची असते. तुम्ही तोच पैसा डब्यात घालताय. माफी नाही आली तर बँकेत पॅनेल घेऊन जाणार का?

तेव्हा असं करा. पाच क्विंटल तूर विका. सात हजारांचा भाव मिळाला तर 35 हजार आले. 1 लाख 80 हजारांत घालून मुदतीच्या आठवडाभर आधी कर्ज भरा. मग लगेच नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज घ्या. सात-बारा, आठ-अ घेऊन जा, आणि मुदतीची नेमकी तारीख आजच शाखेतून लेखी घ्या, "मार्चअखेर" या ऐकीव शब्दावर राहू नका. नवी उचल मिळाली की पेरणीचा पैसा परत तुमच्याकडे. इन्व्हर्टर उरलेल्या तुरीतून घ्या, उचलीतून नाही.

बुकिंगचे 5 हजार मागा. पावतीवर परत न देण्याचं काही लिहिलेलं नाही. दुकानदार कुरकुरला तर सबसिडीची ओळ असलेलं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा, आणि जाण्याआधी त्या कोटेशनचा फोटो काढून ठेवा.