रचना यंत्रात अडकवू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

संगणकावर संगीत करायला कोणते सॉफ्टवेअर शिकावे, म्हणजे ते आयुष्यभर पुरेल, असे तू विचारले आहेस. कोणतेही पुरणार नाही. रचना यंत्रापासून वेगळी ठेव, एवढेच माझे सांगणे आहे.

मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘म्युझिक-1’ हा संगीत निर्माण करणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्यातून एका वेळी एकच सूर निघे आणि लहरीचा आकारही एकच, त्रिकोणी. आकडेमोड न्यूयॉर्कमधील आयबीएम 704 या संगणकावर होई. आकड्यांची चुंबकीय फीत न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत परत नेल्यावरच काय निपजले ते कानावर पडे. ‘म्युझिक-4’पर्यंत छोटे घटक जोडून हवे ते वाद्य घडवता येऊ लागले, पण तो प्रोग्राम आयबीएमच्या विशिष्ट यंत्राच्या असेंब्ली भाषेत, म्हणजे त्या एकाच यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत, बांधलेला होता. यंत्र बदलले की सगळे नव्याने लिहिणे आले. म्हणून मॅथ्यूज यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘म्युझिक-5’ बहुतांशी फोरट्रान या अनेक यंत्रांवर चालणाऱ्या भाषेत लिहिले. त्याच परंपरेतले बॅरी व्हर्को यांचे ‘म्युझिक 360’ आणि ‘म्युझिक 11’ हे प्रोग्राम पुन्हा एकेका यंत्रापुरतेच होते. त्यांनीच 1986 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सी या, अनेक यंत्रांवर चालणाऱ्या भाषेत लिहिलेले ‘सीसाउंड’ मात्र आजही चालते.

सीसाउंडची स्वरयादी, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा याची यादी, एकदा उघडून पाहा. वाद्याचा क्रमांक, सुरुवातीचा क्षण, सेकंदांतील कालावधी आणि पुढे, वाद्य तसे घडवले असेल तर, कंपनसंख्या: 1, 0, 2, 440. साधा मजकूर आहे, कागदावर छापला तरी वाचता येतो. अशी ओळ कोणत्याही यंत्राची मिंधी नसते.

माझ्या उमेदीतल्या रचना एका कंपनीच्या बंदिस्त फाइलींमध्ये राहिल्या. कंपनी बुडाली, आणि आता फक्त ध्वनिमुद्रणे उरली आहेत. त्यांतला एक स्वरही मला बदलता येत नाही. त्यानंतर साध्या मजकुराशिवाय काहीही जपायचे नाही, असे मी ठरवले. सहकाऱ्यांना तो हेका वाटला. वाटो! त्यांच्या जुन्या रचना आज त्यांनाच उघडत नाहीत, माझ्या नंतरच्या सगळ्या उघडतात.

तुझा कान चांगला आहे, म्हणूनच मी इतका चिडतो. सॉफ्टवेअर हवे ते वापर, महिन्याला बदल, पण रचना यंत्रापासून वेगळी ठेव. नवी चीज झाली की स्वरयादी आणि वाद्यांची मांडणी मला साध्या मजकुरात पाठव. दुसऱ्या कोणत्याही स्वरूपात आली, तर मी ती परत पाठवीन.

कळावे.