बागेत खवले मांजर आलंय, पकडून लांब जंगलात सोडावं का?

नाही. हातसुद्धा लावू नका.

तुम्ही लिहिलंय की काजूच्या बागेत बीळ सापडलंय, बागेला त्रास नको आणि जनावरही सुरक्षित राहावं, म्हणून त्याला 'योग्य ठिकाणी' सोडायचा विचार आहे. अहो, योग्य ठिकाणी ते आधीच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल म्हणून जे काही उरलंय ते बहुतेक खाजगी मालकीचं, म्हणजे तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरचं. शिवाय ती मादी असेल आणि बिळात पिल्लू असेल तर? एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं. तुम्ही आईला गाडीत घालून नेणार आणि पिल्लू आत उपाशी मरणार.

आमचं घर गुहागर तालुक्यात. पावसाळा नुकताच सरला होता. रात्री जेवणं झाल्यावर कुत्रे मांगराकडे जाऊन भुंकायला लागले. बॅटरी घेऊन गेलो तर कोपऱ्यात खवल्या, वेटोळं करून पडलेला. घेरलं गेलं की तो पळत नाही, डोकं पोटाशी घेतो आणि शेपटी वरून लपेटतो. बिबट्यापुढे हे चालून जातं. माणूस मात्र तसाच उचलून पोत्यात घालतो.

बघता बघता वाडी गोळा झाली. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पाण्याचं पिंप घेऊन आला. "सकाळपर्यंत ठेवू, पोरांना दाखवू, मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता, कारण खवल्याच्या किमतीचे फोनवरचे लाखांचे आकडे तिथे मोठ्याने वाचले जात होते. मी पिंप काढून घेतलं. शब्दाला शब्द वाढला. शेवटी वडिलांनी कुत्रे बांधले, लोकांना घरी पाठवलं, दिवे मालवले. आम्ही दोघं पडवीत गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं, हवा हुंगली, आणि तो गडग्याच्या फटीतून रानात निघून गेला.

दादा आजही म्हणतो, "तुझ्यामुळे पाच लाख चालत गेले." चालत गेली ती कैद. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि वर दंड. खवल्यात औषध-बिवध काही नसतं, आपली नखं ज्या केराटिनची तेच ते. मूळव्याधीसाठी खवल्याची अंगठी घालणारे मी पाहिलेत. मूळव्याध जिथल्या तिथे. २०१६ साली जगातल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, आणि २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून खवले काढले. तरी आपल्याकडे फासकी, म्हणजे शिकारीचे फास, लागतातच.

आता बागेच्या नुकसानीचं. तो काजू खात नाही, कलम खात नाही. त्याला दातच नाहीत. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खातो, त्यासाठी वारुळं उकरतो. दिसला तर तेवढा उकिरच, म्हणजे उकरलेली माती, दिसेल. बिळाच्या तोंडाशी काटे पडलेले असतील तर ते साळिंदराचं बीळ, मग हा सगळा प्रश्नच वेगळा.

दादाचं म्हणणं असं की वाळवी कलमं खाते, म्हणून दिसलं वारूळ की फोडायचं आणि वर कीटकनाशक ओतायचं. त्याच्या बागेत आता एक वारूळ नाही आणि वाळवीची तक्रार दरवर्षी आहेच. वारुळं संपवून, रान भाजून, उतारावर जेसीबी फिरवून आपण खवल्याचं घर आणि जेवण दोन्ही काढून घेतो, आणि दोष फक्त शिकाऱ्याला देतो. शिकारी गुन्हेगार आहेच. पण दर उन्हाळ्यात वणवा लावणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, याचा मला जास्त राग येतो.

गावाने मनावर घेतलं तर फरक पडतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावोगाव जाऊन लोकांशी बोलून हे काम उभं केलं. २०२० साली डुगवे गावात खवलोत्सव झाला, ग्रामदेवतेच्या साक्षीने. आमच्या वाडीतही असं व्हावं म्हणून मी मागे लागलोय. दादाचा विरोध आहे.

दोन गोष्टी राहिल्या. जनावर जखमी असेल, विहिरीत पडलं असेल किंवा फासकीत अडकलं असेल तर स्वतः काही करू नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. बीळ कुठे आहे ते मात्र कुणाला सांगू नका, फोटोही टाकू नका. आणि एक खवल्या अख्ख्या बागेची वाळवी संपवेल असं माझं म्हणणं नाही. कलमं जपायची तर बुंध्याला गेरू लावा, औषध लागलंच तर त्या झाडापुरतं वापरा. बांधावरची वारुळं राहू द्या.