करंज्यांचं ताट

रुथू,

काल तू विचारलंस, "समोरच्या बाईंनी गेल्या नाताळात आपल्या करंज्या कचऱ्याच्या पेटीत टाकल्या, मी बघितलंय. तरी यंदा परत द्यायच्या? ख्रिस्ती माणसाला असंच करावं लागतं का?" मी "आधी भांडी आवर" म्हणून विषय टाळला. मग रात्रभर तेच डोक्यात. हळूहळू वाच, अडलं तर विचार.

शाहूपुरीतल्या घरी नाताळच्या आदल्या दिवशी आज्जी ताटं भरायची. करंज्या, चकल्या, चिवडा, वर तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल. स्टीलच्या ताटावर आजोबांचं नाव घातलेलं. वाटायला मी. पलीकडच्या काकू गोड बोलायच्या, "आलीस व्हय, थांब हं" म्हणायच्या, पण ताट उंबऱ्याबाहेरच घ्यायच्या. वायल्डर साहेब, म्हणजे अमेरिकेहून आलेले मिशनरी, कोल्हापुरात आले १८५२ साली, तरी सव्वाशे वर्षांनंतरही गल्लीत आम्ही 'मिशनवाले'च.

एकदा मी परसातनं जात होतो (आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'जात होतो'च म्हणतो, हसू नकोस). काकू आमच्या करंज्या गोठ्यातल्या गड्याच्या फडक्यात ओतत होत्या. एकही ठेवली नाही. मी नऊ वर्षांची. घरी येऊन रडत सांगितलं.

आज्जी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आपल्या हातनं गेलं न्हवं? म्होरचं त्यांचं त्या बघतील." आजोबा मात्र भडकले, "किती वर्षं त्यांच्या दारात पोरगीला उभी करणार आहेस?" त्यावर आज्जी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ताट गेलंच.

खरं सांगू? ते प्रेम होतं, हट्ट होता, की कधीतरी आपल्याला आत बोलवतील ही आशा होती, मला अजून कळलेलं नाही. पाळकसाहेब सांगायचे ते 'शेजाऱ्यावर प्रीती कर' मला त्या उंबऱ्यावर फार जड जायचं. पण एक आहे, काकूंनी ताट कधी रिकामं परत केलं नाही. तळाशी मूठभर साखर असायचीच. आज्जी ती चहात घालायची.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हाचा आज्जीचा फोन आठवतोय तुला? "दूध न्हाई, पीठ हाय," म्हणाली आणि घाईनं ठेवला. पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत होती. त्यातल्या चारेक भाकऱ्या काकूंकडेही गेल्या असणार. त्यांनी खाल्ल्या का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, सांग तू.

इथल्या बाईंना कदाचित तळलेलं चालत नसेल. कदाचित खोबऱ्याची ॲलर्जी असेल. मी कधी विचारलंच नाही, हे तुझ्या प्रश्नानं लक्षात आलं. आज्जीही कुणाला विचारत नव्हती म्हणा.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. ताट मी एकटी देऊन येईन. शनिवारी सारण करते. मुरड तेवढी तू घाल, माझ्यापेक्षा तुझी बारीक येते.

आई