भिवंडी १९८४ मध्ये पेटली, १९९२ मध्ये का नाही?

तुम्ही विचारलंय की मिरवणुकीच्या वाद्यांवरून गावात भांडण झालं, तेव्हापासून दोन्ही समाज एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. या तेढीनं नेमकं नुकसान काय होतं, आणि शांतता समिती नेमून उपयोग होईल का?

समितीचं आधी सांगतो. ती पोलीस ठाण्यात, सणाच्या आदल्या आठवड्यात, चहा-बिस्किटांवर बसत असेल तर काडीचा उपयोग नाही. तिथे कोण येतं? माजी नगरसेवक, दोन-चार ट्रस्टी, मंडळांचे अध्यक्ष आणि फोटोत यायची हौस असलेले व्यापारी. दगड पडतो तो मागच्या गल्लीत, आणि त्या गल्लीतला एकही माणूस बैठकीत नसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता नुकसान. जाळपोळ, मृत्यू, बंद दुकानं हे सगळ्यांना दिसतं. त्याआधी एक नुकसान होऊन गेलेलं असतं: अफवेची खातरजमा करायला पलीकडच्या बाजूला ओळखीचा माणूस उरत नाही. रात्री दहाला निरोप येतो की अमुक मोहल्ल्यात आपल्या पोराला मारलं. त्या मोहल्ल्यात तुमचा शिंपी असेल, पंक्चरवाला असेल, तर एक फोन करून पाच मिनिटांत कळतं की दुचाकी घसरली आणि पोराच्या गुडघ्याला लागलं. दुकानाची पायरी सुटली की तो फोनही सुटतो. तुमच्या गावात आज जो बहिष्कार चाललाय त्याची किंमत ही आहे, दुकानाच्या गल्ल्यातली घट त्यापुढे किरकोळ.

भिवंडीवरून हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ७ मे १९७० च्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि लोण जळगाव, महाडपर्यंत गेलं. त्यावर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. गुलाल कुठे उधळायचा, मशिदीसमोर घोषणा द्यायच्या की नाही, यावर आधी खल झाला होता. पण मिरवणुकीत आसपासच्या खेड्यांतून लाठ्या घेऊन आलेले लोकही होते, आणि शहरातल्या पुढाऱ्यांचा शब्द त्यांच्यावर बंधनकारक कसा असणार? मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली, तीही मोठी.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरभर ७० च्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांचे, त्याच वस्तीत राहणारे लोक, सोबत त्या भागाचा पोलीस. दंगलीची वाट न बघता समित्या नेमानं बसायच्या आणि नळ, गटार, नवरा-बायकोचं भांडण, भाडेकरूची कटकट असले विषय घ्यायच्या. बाबरी पडल्यावर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली, हा त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. शेजारची भिवंडी, जिच्या नावावर आधीच दोन दंगली, ती शांत राहिली.

लोक मला सांगतात, त्यात समित्यांचं काय, भिवंडी पडली यंत्रमागांचं गाव, ते माग वाचवायला सगळे गप्प बसले. हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय. यंत्रमाग १९८४ मध्येही होते. सूत देणारा व्यापारी एका समाजाचा, मागवाला दुसऱ्याचा आणि माग चालवणारा उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आलेला, ही साखळी तेव्हाही होती, तरी शहर जळलंच. धंद्यामुळे भांडण नको असं वाटतं, एवढंच. रात्री दहाच्या अफवेला उत्तर देण्याची सोय धंद्यात नसते. उधारीवर सूत देणारा शेठ दंगलीच्या रात्री फोन उचलत नाही, शेजारच्या चाळीतली बाई उचलते.

तुमच्या गावात करायचं असेल तर असं करा. समिती गावाची एक नको, गल्लीची हवी. दोनशे-तीनशे घरांमागे एक, १५ ते २० माणसं, दोन्हीकडची निम्मी-निम्मी. पक्षाचा पदाधिकारी नको. चहाटपरीवाला, रिक्षावाला, शिलाईकाम करणारी बाई, मशिदीत अजान देणारा मुअज्जिन, मंडळाचा ढोल वाजवणारा पोरगा, असे घ्या. त्यांना गल्लीत काय शिजतंय ते आदल्या दिवशी कळतं. बायका निदान एक तृतीयांश. पंधरा दिवसांनी एकदा, तासभर, एकदा इकडच्या तर एकदा तिकडच्या ओट्यावर. पहिले दोन-तीन महिने धर्माचा विषय काढायचाच नाही. गटार तुंबलंय त्याचा अर्ज दोघांच्या सहीनं जाऊ द्या.

अफवेसाठी नियम एकच: कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता? तिन्हीची उत्तरं नसतील तर निरोप पुढे पाठवायचा नाही. आणि बघायला एकटा जाणार नाही, दोन समाजांचे दोघं मिळून जातील आणि दोघं मिळूनच सांगतील. एकट्यानं जाऊन आणलेल्या खऱ्या बातमीवरही पलीकडचे विश्वास ठेवत नाहीत.

मिरवणुकीचा मार्ग आठ-दहा दिवस आधी पायी चाला, दोन्हीकडचे आणि ठाण्याचा हवालदार. बांधकामाची खडी, विटांचे ढीग, गच्चीवरच्या रिकाम्या बाटल्या, हे मालकाला सांगून हलवा. नमाजाच्या वेळा मुअज्जिनकडून लिहून घ्या, कारण ऋतूप्रमाणे त्या सरकतात, आणि सणाची तारीख बदलली की गेल्या वर्षीचा कागद यंदा चुकतो. मिरवणूक मशिदीसमोर थांबणार नाही, हे ठरवा. वाद्यं कुठल्या खांबापासून कुठल्या दुकानापर्यंत बंद, ते खडूनं खूण करून ठरवा. ‘थोडं आधी’ असं मोघम ठेवलंत की तिथेच ठिणगी पडते. दोर धरणारे स्वयंसेवक त्याच गल्लीतले, आणि मशिदीच्या दाराशी त्यांच्यातलेच तिघे-चौघे उभे. बाहेरगावचं ढोलपथक असेल तर त्याच्या म्होरक्याला ही खूण आदल्या दिवशी प्रत्यक्ष दाखवा. १९७० चं कोडं इथेच सुटतं.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पोलीस समितीकडून खबर काढायला लागले की लोक बोलायचे बंद होतात. सदस्यत्वाचं ओळखपत्र छापलं की ते गाडीच्या काचेवर चिकटतं. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना रस नसला की वर्षभरात समिती कागदावर उरते. भिवंडीचंही पुढे तेच झालं; २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला, गोळीबार झाला आणि नंतर दोन पोलीस शिपाई मारले गेले. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत तर पुरस्काराची रक्कम आली, आणि अनेक गावांत तंटे मिटवण्यापेक्षा नोंदवहीत मिटलेले दाखवण्यावर जोर राहिला.

आता थोडी सावधगिरी, जी खरं तर वर लिहायला हवी होती. भिवंडीत दोन्ही समाज संख्येनं मोठे आहेत. तुमच्या गावात एका बाजूची पंधराच घरं असतील तर निम्मी-निम्मी समिती कागदावरच बरोबरीची होईल. तिथे पहिलं पाऊल मोठ्या समाजानंच टाकायला हवं, आणि ते म्हणजे बहिष्कार उघडपणे मोडणं. आणि कोणी जाणूनबुजून चिथावतोय, हत्यारं जमवतोय असं दिसलं तर समितीत चर्चा करत बसू नका. ते पोलिसांचं काम आहे; लेखी तक्रार द्या, पोच घ्या. समाजात तेढ वाढवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम १५३अ च्या जागी.

बहिष्कार मोडायला सभा नको. दोन्हीकडच्या चार-चार बायकांना उद्यापासून किराणा पलीकडच्या दुकानातून भरायला सांगा, भरदिवसा, पिशवी हातात घेऊन. पुरुष पहिल्या दिवशी गेले की त्याचा मोर्चा होतो.