डॉप्लरमध्ये 50 ते 69 टक्के, सीटीत 45 टक्के: वडिलांच्या मानेच्या नसेचा कोणता रिपोर्ट खरा?

तुमचा प्रश्न असा: वडील 67 वर्षांचे. उजव्या कॅरोटिडच्या, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या नसेच्या, डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्ताचा वेग सेकंदाला 142 सेंटिमीटर आणि '50 ते 69 टक्के अरुंद' असा शेरा, सीटी अँजिओग्राफीत मात्र 45 टक्के. मग खरं काय, आणि पुण्या-मुंबईला जाऊन कॉम्प्युटर सिम्युलेशन (नसेतला रक्तप्रवाह संगणकावर मांडून बघणं) करून घ्यावं का? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे पाचेक मिनिटं पडदा आल्यासारखं झालं होतं.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. त्यांना आजच न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. उजव्या डोळ्याला रक्त याच उजव्या कॅरोटिडमधून जातं. नसेत साचलेल्या चरबीच्या थरावरून बारीक गुठळी सुटून डोळ्याच्या वाहिनीत अडकली की असाच पडदा येतो, गुठळी विरघळली की जातो. नजर परत आली म्हणजे संकट टळलं असं नाही. पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते आणि पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. ऑपरेशन लागणारच असेल तर लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत केल्याचा फायदा सर्वांत जास्त.

आता आकड्यांकडे. मी नाशिकमध्येच रेडिओलॉजिस्ट आहे, मानेचे डॉप्लर रोज करते. डॉप्लर टक्के मोजतच नाही, वेग मोजतो. तुम्ही इथल्याच सिडकोत राहता, त्यामुळे हे लगेच कळेल: गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतल्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवून आपण विचारतो, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' कमरेला लागलं म्हटलं की पूर किती हे समजतं, क्युसेक कुणी विचारत नाही. डॉप्लरचं तसंच आहे. नस अरुंद झाली की रक्त तिथून जोरात धावतं, आणि त्या वेगावरून आम्ही टक्के ओळखतो. 125 च्या वर गेलं तर 50 ते 69 टक्के, 230 च्या वर गेलं तर 70 किंवा जास्त, अशी सर्वत्र वापरली जाणारी पट्टी आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सहमतीतून ती 2003 साली प्रसिद्ध झाली.

वेगही कसा मिळतो ते बघा. पेशंटची हनुवटी दुसऱ्या बाजूला वळवून, जेल लावून, जबड्याखाली प्रोब टेकवायचा. स्क्रीनवर एक छोटी रेघ असते, ती हाताने फिरवून रक्ताच्या दिशेला समांतर करायची. त्या अँगलवरून मशीन वेग काढतं. अँगल 60 अंशांच्या पुढे नेऊ नये असं आम्हाला शिकवतात, कारण तिथे थोडी चूकही महागात पडते. खरा अँगल 60 असताना रेघ 65 वर ठेवली, तर 120 चा वेग 142 दिसतो. म्हणजे पाच अंशांनी पेशंट '50 पेक्षा कमी'मधून '50 ते 69' मध्ये जातो. वयस्कर माणसांच्या नसा वळणाच्या असतात, रेघ नेमकी बसवणं खरंच अवघड असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये चूक आहे असं मी म्हणत नाही. 142 आणि 45 टक्के हे आकडे वाटतात तितके लांब नाहीत, एवढंच सांगायचंय.

सीटीचे 45 टक्के कशाच्या तुलनेत, हेही विचारा. वरच्या सरळ, निरोगी भागाशी तुलना केली तर एक आकडा येतो, खालच्या फुगीर भागाशी केली तर मोठा येतो. व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ पाव उरतं, म्हणजे तीच नस एका हिशोबाने 50 टक्के आणि दुसऱ्या हिशोबाने 75 टक्के बंद. शिवाय नसेत कॅल्शियम असेल तर सीटीत ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, आणि डॉप्लरमध्ये त्याच्या सावलीत काहीच दिसत नाही.

सिम्युलेशनबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थिनीला मी नाव-गाव काढून टाकलेलं सीटी दिलं होतं. तिने त्यातून नसेचा आकार काढला, त्याचे लाखो बारीक तुकडे पाडले, आत रक्त सोडलं. नस जिथे दोन फाट्यांत वाटली जाते, तिथल्या फुगीर भागाच्या बाहेरच्या भिंतीशी रक्त संथ होऊन प्रत्येक ठोक्याला मागे वळत होतं. रंगीत डॉप्लरमध्ये तोच उलटा प्रवाह मी रोज बघते, आणि चरबीचा थर बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. रक्त आदळतं तिथे नव्हे, रेंगाळतं तिथे. संथ रक्ताचं भिंतीवर घासणं कमी पडलं की भिंतीच्या पेशी बिघडतात, हे संशोधनातून 1980 च्या दशकापासून दिसत आलंय.

पण तिच्या मॉडेलमध्ये आकार सीटीचा होता आणि आत शिरणारा वेग डॉप्लरचा. दोघांत भांडण असेल तर दोघांच्याच जिवावर चाललेलं गणित न्याय कसा देणार? हृदयाच्या नसांसाठी अशी गणितं उपचार ठरवताना वापरात आली आहेत, मानेच्या नसांचं ऑपरेशन मात्र आज त्यावरून ठरत नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्यात दिवस घालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी न्या, म्हणजे ते स्वतः मोजू शकतील. चालू औषधं न्या, आणि डोळ्यापुढचा पडदा सगळ्यांत आधी सांगा. मधल्या वेळात तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर सरळ 108 लावा. ते कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि कॅज्युअल्टीत तुम्हाला पहिल्यांदा तीच वेळ विचारतील.