वाचकांचे प्रश्न : सगळ्या पानांवरचे लेयर एका मॅक्रोने

प्रश्न : कोरलड्रॉ या चित्र-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही खोक्यांची डिझाइन्स करतो. एका फाइलमध्ये पंधरा-वीस पाने असतात आणि प्रत्येक पानावर आर्टवर्क, डाय (खोके कापण्याच्या रेघा) व नोट्स असे तीन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. पीडीएफ काढण्याआधी डाय आणि नोट्स बंद करायचे असतात. त्यासाठी मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिला, पण तो समोरच्या पानापुरताच चालतो. शिवाय डोळ्याचे चिन्ह बंद करूनही डायच्या रेघा पीडीएफमध्ये उतरतात. असे का होते?

उत्तर : आधी रेघांचे. लेयर पडद्यावर दिसणे आणि तो छापला जाणे या कोरलड्रॉमध्ये दोन वेगळ्या सेटिंग आहेत. डोळा बंद केला तरी त्या लेयरचे प्रिंटिंग चालू असेल, तर तो छपाईत येतो आणि एक्स्पोर्टमध्येही येतो. मॅक्रोमध्ये तुम्ही फक्त ‘व्हिजिबल’ बदलत असणार. तिथे ‘प्रिंटेबल’ (छापायचा की नाही) फॉल्स, म्हणजे ‘नाही’, करा. डाय पडद्यावर दिसत राहील आणि पीडीएफमधून मात्र वगळली जाईल. कामासाठी हेच सोयीचे.

आता पानांचे. ‘ॲक्टिव्हपेज’ लिहिले की मॅक्रो तेवढ्याच पानाचे लेयर पाहतो, कारण साधा लेयर त्या-त्या पानाच्या मालकीचा असतो. नाव सारखे असले तरी वीस पानांवर वीस वेगळे ‘डाय’ लेयर आहेत. म्हणून बाहेरचा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट’च्या सगळ्या ‘पेजेस’वरून फिरवा आणि आतला प्रत्येक पानाच्या ‘लेयर्स’वरून. मास्टर लेयर (अनेक पानांवर एकच येणारा) वापरत असाल, तर ‘मास्टरपेज’च्या लेयर्सवरून आणखी एक लूप लागेल.

नाव ताडताना दोन्ही बाजूंना ‘ट्रिम’ (कडेच्या स्पेस काढणारे) आणि ‘एलकेस’ (अक्षरे स्मॉल करणारे) लावा. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहिण्याची भाषा, मूळ सेटिंगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानते, आणि नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस डोळ्यांना दिसत नाही. एखादे पान सुटते ते बहुतेक वेळा यामुळेच.

‘प्रिंटेबल = नॉट प्रिंटेबल’ अशी उलटापालट मात्र कटाक्षाने टाळा. एका पानावर कुणी हाताने सेटिंग बदललेली असली, तर नेमकी त्या पानावरची डाय छापली जाईल. त्यापेक्षा वेगळे मॅक्रो ठेवा : ‘छपाई’मध्ये आर्टवर्क ट्रू, बाकी दोन्ही फॉल्स, ‘कटिंग’मध्ये फक्त डाय ट्रू. दर वेळी तिन्ही लेयरची किंमत स्पष्ट लिहायची, आधी काय होते त्यावर विसंबायचे नाही.

लूपच्या आधी ‘बिगिनकमांडग्रुप’ आणि शेवटी ‘एंडकमांडग्रुप’ लिहिले की सगळे बदल एकाच अनडूने मागे घेता येतात. वेगासाठी ‘ऑप्टिमायझेशन’ ट्रू करत असाल, तर ‘ऑन एरर गोटू’ (चूक झाली की दिलेल्या लेबलवर जा) अवश्य द्या आणि त्या लेबलखाली ‘ऑप्टिमायझेशन’ फॉल्स करून ‘रिफ्रेश’ बोलवा. मॅक्रो मध्येच अडला आणि हे राहिले, तर पडदा ताजा होणेच थांबते. फाइल बिघडली असे वाटते, पण ती शाबूत असते.

मॅक्रो सगळ्या फाइलींना मिळावा म्हणून ऑल्ट-एफ११ने संपादक उघडून तो ‘ग्लोबलमॅक्रोज’मध्ये ठेवा. ‘सब’ला, म्हणजे मॅक्रोच्या नावापुढे, कंसात आर्ग्युमेंट (बाहेरून द्यायची माहिती) दिले, तर तो मॅक्रोंच्या यादीत दिसणार नाही.

प्रश्न : लेयरचे नाव देवनागरीत ‘डाय’ आहे. मॅक्रोमध्ये ते टाइप केले की प्रश्नचिन्हे उमटतात.

उत्तर : व्हीबीएचा संपादक युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) मजकूर सांभाळू शकत नाही, लेयरच्या नावात काही चूक नाही. नाव ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शनने एकेका अक्षराच्या क्रमांकावरून जोडता येते : ‘डाय’साठी 2337, 2366 आणि 2351, मध्ये ‘अँड’चे चिन्ह. काना हे स्वतंत्र अक्षर धरले जाते, ते विसरू नका. लेयर बरेच असतील, तर नावे रोमन अक्षरांत ठेवणेच बरे.