ठरलेला रेट आणि चढलेलं पिग आयर्न

प्रश्न : उद्यमबागेत आमची फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. कोल्हापूरच्या एका ग्राहकाची ६० टन कास्टिंगची (ओतीव मालाची) वर्षाची ऑर्डर किलोला ९२ रुपये दरानं घेतली. २२ टन माल गेला. आता पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) आणि भंगार दोन्ही किलोमागे ६ रुपयांनी चढलंय. पुरवठा थांबवावा का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : थांबवू नका. भारतीय करार कायद्याचं (१८७२) करारातून सुटका देणारं कलम ५६ काम अशक्य झालं तर लागतं, महाग पडलं तर नाही. लष्कराच्या तूपखरेदीच्या अलोपी प्रसाद खटल्यात (१९६०) सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, इंडोनेशियातला कोळसा महागल्याच्या खटल्यातही (२०१७) तेच. माल अडवलात तर ग्राहक दुसरीकडून घेईल आणि फरक तुमच्याकडे मागेल.

आधी पीओ (ग्राहकाची लेखी परचेस ऑर्डर) पुन्हा वाचा. ६० टन पक्के लिहिलेत, की नुसता रेट आहे आणि माल दरमहा शेड्यूलप्रमाणे मागवतात? नुसता रेट असेल आणि तो वर्षभर न बदलण्याचं बांधून घेतलेलं नसेल, तर शेड्यूल न आलेल्या मालाचा जुना दर लेखी कळवून मागे घेता येतो. आलेलं शेड्यूल मात्र जुन्याच दरानं द्यायचं.

आकडा पक्का असेल तर हिशेब घेऊनच ग्राहकाच्या परचेस (खरेदी) विभागाकडे जा. इथे बरेच जण स्वतःचंच नुकसान करतात, कारण घट (वितळताना जळून जाणारं मेटल) फक्त चांगल्या मालावर धरतात. रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत उरलेलं आणि तोडून काढलेलं मेटल, तेसुद्धा पुन्हा वितळतात, तेव्हा त्यांचीही घट होते. यील्ड (ओतलेल्या मेटलपैकी चांगला माल) ६५ टक्के आणि घट ६ टक्के असेल, तर एक किलो कास्टिंगमागे विकतचं मेटल सुमारे १.१ किलो लागतं. म्हणजे वाढ ६ रुपये ६० पैसे. उरलेल्या ३८ टनांवर २,५०,८०० रुपये. एवढंच मागा. वीज, मजुरी, नफा यात घुसडलात की समोरच्याचा विश्वास उडतो. ऑर्डरच्या महिन्याचं आणि आजचं, अशी पिग आयर्न व भंगाराची खरेदी बिलं जोडा.

पूर्ण वाढ मिळाली नाही तर निम्मी घ्या आणि पेमेंट ६० ऐवजी ३० दिवसांत मागा. किंवा ‘मेटल तुम्ही द्या, आम्ही ओतण्याची मजुरी घेतो’ असं सुचवा.

फोनवरच्या होकारावर गाडी भरू नका. नवा दर कुठल्या तारखेपासून ते लिहिलेला सुधारित पीओ हातात घ्या. जुन्या दरानं बिलं करत राहून वर्षअखेरीस फरक मागितला, तर तो सहसा मिळत नाही. गेलेल्या मालाचा फरक त्यांनी मान्य केलाच, तर जीएसटीची डेबिट नोट (आधीच्या बिलावरच्या वाढीव रकमेची) काढा.

पुढच्या ऑर्डरीत पिग आयर्नचा मूळ दर आणि महिना लिहा. ३ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दर तीन महिन्यांनी रेट बदलेल, वरही आणि खालीही. ‘खालीही’ लिहिलंत तरच परचेसवाले सही करतात.